पिंजरा काढायचा की कोंबड्या कमी करायच्या?

पत्राचा सारांश: नागपूरजवळ कळमेश्वर तालुक्यात आमचा लेअर (अंडी देणाऱ्या) कोंबड्यांचा फार्म आहे. १०० बाय ३० फुटांच्या शेडमध्ये खांबांवर उचललेले पिंजरे, एका बॉक्समध्ये चार अशा २४०० कोंबड्या. बॉक्स १८ बाय १५ इंचांचा. शहरातल्या एका बेकरीने रोज १२ ट्रे ‘पिंजरामुक्त’ अंडी मागितली आहेत, भाव चांगला देतो म्हणतात. त्यातच मोबाइलवर व्हिडिओ आला की पिंजऱ्यांवर कायद्याने बंदी आली. मला वाटतं पिंजरे काढावेत आणि याच कोंबड्या खाली सोडाव्यात. पतीची तयारी आहे. मामाजी (सासरे) म्हणतात, ‘उन्हाळ्यात अर्ध्या मरतील आणि उरलेल्या आजारी पडतील.’ त्यांना नवीन काही नकोच असतं. कायदा काय सांगतो आणि आम्ही काय करावं?

ताई,

तुमच्या पत्रात तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत: कायद्याची सक्ती, बेकरीची मागणी आणि कोंबड्यांचं भलं. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत.

आधी कायदा. तो व्हिडिओ बहुधा परदेशाबद्दलचा असावा. युरोपीय संघाने १९९९ च्या निर्देशाने साधे बॅटरी पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले. तिथेही दर कोंबडीला ७५० चौरस सेंटिमीटर जागा, घरटं, बसायला दांडी आणि उकरायला जागा असलेला सुधारित पिंजरा चालतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०२२ पासून पिंजऱ्यातल्या अंड्यांची विक्रीच थांबवली. हे नियम त्यांच्या हद्दीत. कळमेश्वरच्या शेडला ते लागू होत नाहीत.

आपल्याकडे मूळ कायदा १९६० चा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा. त्याच्या कलम ११(१)(ई) नुसार, प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही इतक्या कमी लांबी-रुंदी-उंचीच्या पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. ‘पुरेशी’ म्हणजे किती हे तिथे आकड्यात नव्हतं, आणि पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही १० ते ५० रुपये आहे. म्हणून कोणी फारसं मनावर घेत नसे. विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये २६९ वा अहवाल कोंबड्यांच्या निवाऱ्याच्या विषयावर दिला. २०२३ मध्ये केंद्राने अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी वेगळे नियम काढले. त्यांत पिंजऱ्यांवर सरसकट बंदी नाही. अट जागेची आहे: दर कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटिमीटर.

आता तुमचा बॉक्स मोजू. १८ बाय १५ इंच म्हणजे साधारण ४५.७ बाय ३८.१ सेंटिमीटर, १७४२ चौरस सेंटिमीटर. चार कोंबड्यांत वाटले तर प्रत्येकीला ४३५. म्हणजे पिंजरा असण्यात तुमची अडचण नाही, ती चौथ्या कोंबडीत आहे. बॉक्समध्ये तीन ठेवल्या की प्रत्येकीला ५८१ मिळतात. ६०० बॉक्स गुणिले तीन, १८०० कोंबड्या. (ज्या वाचकांकडे १५ बाय १२ इंचांचे तीन कोंबड्यांचे बॉक्स आहेत, त्यांच्याकडे प्रत्येकीला फक्त ३८७ पडतात. तिथे दोनच बसतील.) पिंजऱ्यांची मापं, बसवल्याचं वर्ष आणि बिल घेऊन पंचायत समितीतल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे जा. राजपत्राच्या प्रतीवरून तुमच्या शेडला नेमकं काय आणि कधीपासून लागू होतं, हे अर्ज देऊन लेखी विचारा. त्या कागदाची एक प्रत फाइलला राहू द्या. बँकेच्या कर्जालाही तो उपयोगी पडतो.

एक सांगून ठेवते. एका साध्या ए-फोर कागदाचं क्षेत्रफळ ६२४ चौरस सेंटिमीटर असतं. ५५० म्हणजे त्याहूनही कमी. नियम पाळला म्हणजे कोंबडीला पंख पसरता आले, असं मुळीच नाही. तिला दांडीवर चढायचं असतं, माती उकरायची असते, अंडं घालायला आडोसा हवा असतो. हे तुम्हाला वाटतं म्हणूनच तुम्ही पत्र लिहिलंत, आणि ते बरोबर आहे. फक्त ‘पिंजरा उघडला की झालं’ ही समजूत सोडा. आजच्या २४०० कोंबड्या खाली सोडल्या तर मामाजींचं म्हणणं शब्दशः खरं होईल.

कारण असं. पिंजऱ्यात वाढलेल्या कोंबडीची हाडं हालचाल नसल्याने आणि कॅल्शियम कवचात जात राहिल्याने ठिसूळ असतात. तीन फुटांवरून उडी मारली तरी छातीचं हाड किंवा पंख मोडू शकतो. तिला दांडी माहीत नसते, घरट्यात शिरणंही माहीत नसतं, त्यामुळे अंडी जमिनीवर पडतात. तिची विष्ठा जाळीतून खाली गेलेली असते, म्हणून रक्ती हगवणीच्या जंतूंशी तिची गाठच पडलेली नसते. गादीवर (जमिनीवर पसरलेल्या तुसाच्या थरावर) आल्यावर दोन-तीन आठवड्यांत मोठी मर लागू शकते. घाबरल्या की त्या कोपऱ्यात एकमेकींवर चढतात आणि खालच्या गुदमरून मरतात. शिवाय तुमचं शेड खांबांवरचं आहे. खाली खताचा ढीग आहे, फरशी नाही. म्हणजे सोडायला जमीनही नाही. ‘मामाजींना नवीन काही नकोच असतं’ असं तुम्ही लिहिलंत. मला त्यांच्या वाक्यात नागपूरचे बरेच उन्हाळे दिसतात. नव्या शेडच्या आखणीत त्यांना पहिल्या दिवसापासून घ्या. वारा कुठून येतो आणि पावसात पाणी कुठे तुंबतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसेल.

तुमच्यापुढे खरे पर्याय तीन आहेत. पहिला, बॉक्समध्ये तीन कोंबड्या करून १८०० वर थांबणं. दुसरा, सगळे पिंजरे काढून फरशी करणं. ३००० चौरस फुटांत दर कोंबडीला दोन चौरस फूट धरून १५०० बसतील, पण पाच-सहा महिने उत्पन्न बंद आणि सगळी जोखीम एकाच घासात. तिसरा मला पटतो: जुन्या शेडमध्ये १८००, आणि शेजारी गादी पद्धतीचं ५०० कोंबड्यांचं नवं शेड. एकूण २३००, म्हणजे जवळपास आजच्याइतक्याच. चौथी कोंबडी मध्येच काढून विकू नका. आताची बॅच संपेल तेव्हा नवी भरताना तीनच्या हिशोबाने भरा.

शेड बांधण्याआधी मात्र बेकरीशी बोलणं पुरं करा. ‘पिंजरामुक्त’ म्हणजे त्यांना काय हवं आहे ते लेखी घ्या. बंद शेडमध्ये गादीवर मोकळ्या कोंबड्या चालतील, की बाहेर रानात फिरणाऱ्याच हव्यात? या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पिंजरामुक्त कोंबडी छपराखालीच राहू शकते. मुक्तसंचाराला बाहेर जमीन लागते. एखादी संस्था तपासणीला येणार का, खर्च कोणाचा, दर कसा ठरणार, हेही विचारा. ठरावीक आकड्याऐवजी ‘त्या दिवशीचा नागपूरचा नेकचा (राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचा) दर अधिक इतके रुपये’ असा करार करा, कारण खाद्याचे भाव वर्षभर सारखे राहत नाहीत. करार किमान एका बॅचचा, म्हणजे वर्षाहून अधिक हवा. मे महिन्यात १२ ऐवजी ९ ट्रे आले तर काय, हेही त्यात येऊ द्या.

‘अधिक इतके’ म्हणजे किती, हे असं काढा. कोंबडी रोज ११५ ग्रॅम खाते असं धरा. पिंजऱ्यात ८५ टक्के अंडी मिळाली तर एका अंड्यामागे १३५ ग्रॅम खाद्य लागतं. गादीवर ७५ टक्के धरली तर १५३ ग्रॅम. खाद्य ३० रुपये किलो असेल तर फरक सुमारे ५५ पैशांचा. त्यात तूस, वाढीव मजुरी, मळकी आणि फुटकी अंडी, शेडच्या कर्जाचा हप्ता मिळवा. हा आकडा हाती आल्याशिवाय भावाला होकार देऊ नका.

आता शेड. युरोपच्या निर्देशातली पिंजराविरहित घरांची मापं आपल्यावर बंधनकारक नाहीत, पण ती विचारपूर्वक ठरवलेली आहेत, आणि मोठे खरेदीदार बहुधा त्याच धर्तीवर विचारतात. तिथे चौरस मीटरला ९ कोंबड्या चालतात, म्हणजे एकीला १.२ चौरस फूट. नागपूरच्या उन्हात ती दाटी नको. दोन चौरस फूट धरून ५०० कोंबड्यांना १००० चौरस फूट, ४० बाय २५. रुंदी २५ च्या पुढे नेऊ नका, नाहीतर मधली हवा कोंडते. लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन अरुंद बाजूंच्या भिंतींवर पडेल. बाजूची उंची ८ फूट, छपराचा पाखा तीन-चार फूट पुढे, दीड फूट भिंत आणि वर जाळी. मुंगूस आणि रानमांजर बारीक फटीतून शिरतात, म्हणून भिंतीपासून दोन-तीन फुटांपर्यंतची जाळी अर्ध्या इंचाची हवी. तुमची जमीन काळी आहे. ती पावसात खालून ओल ओढते. जोतं जमिनीपासून दीड-दोन फूट उचला, आत मुरूम दाबा, वर पक्की फरशी. इथे पैसे वाचवले की पुढे गादी ओली राहते आणि मग काहीही केलं तरी आवरत नाही.

दांडी: दर कोंबडीला १५ सेंटिमीटर, ५०० ना ७५ मीटर, म्हणजे साधारण २५० फूट. कडा गोल केलेलं दोन इंची लाकूड किंवा जाड बांबू. दोन दांड्यांत ३० सेंटिमीटर, भिंतीपासून २० सेंटिमीटर अंतर. पहिली दांडी दीड फुटावर, सर्वांत वरची तीन फुटांवर. जास्त उंच ठेवली की उतरताना छातीचं हाड दुखावतं. घरटी: निर्देशात सात कोंबड्यांना एक आहे, तुम्ही पाचांना एक धरा, म्हणजे १००. प्रत्येक एक फूट बाय एक फूट, पुढे गोणपाटाचा अर्धा पडदा. आत अंधार असेल तरच कोंबडी तिथे जाईल. खाद्य: ४० सेंटिमीटर व्यासाच्या गोल भांड्याची कड १२५ सेंटिमीटर भरते, कोंबडीला चार सेंटिमीटर धरले तर एका भांड्यावर ३१. सोळा पुरतात, पण २० ठेवा, कारण दुबळ्या कोंबडीला दांडग्या कोंबड्या खाऊ देत नाहीत. पाणी: दहा कोंबड्यांना एक निपल (चोच लावली की पाणी देणारी तोटी) हा किमान हिशोब, म्हणजे ५०, नागपूरसाठी ७० बसवा.

गादीला भाताचं तूस उत्तम. भंडारा-गोंदियाच्या भातगिरण्यांतून ते येतं. चार इंच थर द्यायला १००० चौरस फुटांना अंदाजे एक टन लागेल. उन्हाळ्यात थर दोन इंचांवर आणा. रोज मुठीत दाबून पाहा: मूठ उघडल्यावर तूस सुटं झालं तर ठीक, लाडू झाला तर ओल आहे, आणि धूळ उडाली तर फार कोरडं आहे. ओली जागा बहुतेक वेळा निपलखालीच सापडते. निपल कोंबडीच्या डोक्याहून किंचित वर हवं, म्हणजे मान उचलून प्यावं लागतं आणि सांडत नाही. ओलं तूस उचलून बाहेर टाका. त्यावर नुसतं कोरडं पसरलं तर खाली अमोनिया साठतो. कोंबडीच्या उंचीवर वाकून श्वास घ्या. तुमचे डोळे चुरचुरले तर तिचे रोज चुरचुरताहेत.

सर्वांत कठीण भाग उन्हाळा, आणि मामाजींची भीती तिथेच आहे. पारा ४५ च्या वर जातो, आणि कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकूनच अंग थंड करते. धापेबरोबर शरीरातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवचाला लागणारं बायकार्बोनेट कमी पडतं. म्हणून मे महिन्यात कवच पातळ होतं, नुसता शिंपल्यांचा चुरा वाढवून ते सुधारत नाही. उपाय वेळेत आहे. खाद्य पहाटे चारला आणि संध्याकाळी सातनंतर द्या, दुपारी अकरा ते चार भांडी वर उचला. पचनातून निघणारी उष्णता तेवढी वाचते. रोजचं पाणी एरवी ५०० कोंबड्यांना १२५ लिटर लागतं. या दिवसांत ते दुपटीहून वर जातं. टाकी सावलीत, पाइप गोणपाटाने गुंडाळलेला, आणि दुपारी दर तासाला पाइपातलं गरम पाणी सोडून द्यायचं. छपराला चुना आणि वर पऱ्हाटीचा किंवा तणसाचा थर. पश्चिमेच्या जाळीला ओली गोणपाटं लावा, पण पूर्वेची बाजू उघडी ठेवा, नाहीतर दमट हवा आत अडकते. फॉगर (पाण्याचे बारीक फवारे) नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या, कोरड्या हवेत जीव वाचवतात. पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की तेच फॉगर मारतात. तेव्हा ते बंद करून फक्त पंखे चालवा. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही त्यांनी आधी तो घ्यावा, घरटी लाकडी न घेता पत्र्याची घ्यावीत असले विचार नंतर. खरं तर पत्र्याची घरटी नकोतच, मे महिन्यात ती भट्टी होतात.

गादीवर आणखी दोन दुखणी येतात. एक, टोचाटोची. जास्त उजेड, दाटी, खाद्यात मीठ किंवा प्रथिन कमी, जमिनीवर अंडं घालताना दिसणारा लाल भाग, यांतून ती सुरू होते आणि एकदा रक्त दिसलं की थांबत नाही. जखमी कोंबडी ताबडतोब वेगळी काढा. दोरीला मेथीची किंवा शेवग्याची जुडी टांगा, त्यांच्या चोचीला काम मिळतं. चोच कापायचीच असेल तर सात ते दहा दिवसांच्या पिल्लाची, शिकलेल्या माणसाकडून आणि फक्त टोकापुरती. मोठ्या कोंबडीची कधीही नाही. दुसरं, जमिनीवरची अंडी. पहिले तीन आठवडे सकाळी पाच ते दहामध्ये चार वेळा फिरून उचला. पडलेलं अंडं पाहून दुसरी तिथेच घालते. अंधारे कोपरे जाळीने गोल करा. त्याने गुदमरणंही टळतं. जमिनीवरची मळकी अंडी बेकरीच्या ट्रेत जाऊ देऊ नका.

अंडी कमी झाली की अन्नपाणी तोडून पिसं झडवण्याची रीत अजून काही फार्मवर आहे. १९६० च्या कायद्यात प्राण्याला पुरेसं अन्नपाणी न देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. तुमच्या कोणत्याच शेडमध्ये हे नको, पिंजऱ्याच्याही नाही.

बाहेर सोडण्याचा मोह सध्या आवरा. गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले, ती २०२५ च्या सुरुवातीची बातमी तुम्हाला आठवत असेल. हा रोग रानपक्ष्यांच्या विष्ठेतून आणि उघड्या पाण्यातून येतो, आणि एका फार्मवर सापडला की भोवतालच्या एक किलोमीटरमधल्या कोंबड्या नष्ट कराव्या लागतात. छपराखालची, जाळीबंद, दाराशी चुन्याचं पायपुसणं असलेली पिंजरामुक्त पद्धत त्या मानाने सुरक्षित. दोन शेडना वेगळ्या चपला ठेवा, कामाचा क्रम रोज तोच: आधी नवं शेड, मग जुनं.

आणि ट्रेवरचे शब्द. कायद्याची खरी धार इथे आहे. स्वतःच्या नावाने अंडी पॅक करणार असाल तर अन्न सुरक्षा नोंदणी घ्या. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. जुन्या शेडमधला एकही ट्रे ‘पिंजरामुक्त’ म्हणून जाता कामा नये. नव्या शेडला वेगळ्या रंगाचे ट्रे, वेगळी खोली, वेगळी वही: तारीख, किती कोंबड्या, किती अंडी, किती मेल्या, किती ट्रे कोणाला. ५०० कोंबड्यांतून ६०० अंडी विकलेली दिसली तर तपासणाऱ्याला अजून काही विचारायची गरज उरत नाही. कमी पडलं त्या दिवशी बेकरीला ‘आज नऊच’ असं सांगा. कवच तपकिरी आहे म्हणून ‘गावरान’ लिहू नका. तपकिरी अंडी देणारी संकरित जात गावरान होत नाही. प्रमाणपत्राशिवाय ‘सेंद्रिय’ नको, आणि छपराखालच्या कोंबडीला ‘मुक्तसंचार’ नको.

वेळापत्रक उलटं मोजा. तलंगा (अजून अंडी न घालणाऱ्या तरुण कोंबड्या) नव्या शेडमध्ये ऑक्टोबरमध्ये, १५-१६ आठवड्यांच्या असताना याव्यात. १९ व्या आठवड्याला अंडी सुरू होतील आणि पहिल्या उन्हाळ्याआधी त्या चांगल्या भरलेल्या असतील. म्हणजे पिल्लं जूनच्या अखेरीची, आणि नोंदणी एप्रिलमध्ये. तलंगा वाढवून देणाऱ्याला तीनच प्रश्न विचारा: पिल्लं गादीवर वाढवता की पिंजऱ्यात, चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून दांड्या देता का, आणि रक्ती हगवणीची लस दिली का. पिंजऱ्यात वाढवलेल्या तलंगा कितीही स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नका. आल्यावर पहिले चार दिवस संध्याकाळी दिवस मावळायच्या वेळी तुम्ही दोघं शेडमध्ये जा आणि जमिनीवर बसलेली प्रत्येक तलंग हाताने उचलून दांडीवर ठेवा. पाचव्या दिवशी बहुतेक आपण होऊन चढलेल्या असतील.